घोडबंदरच्या शिबिरातला माझा शेरा

ठाण्याकडे पंधरा दिवस राहून आले हे कळल्यावर आमच्या गल्लीतल्या बायकांनी एकच प्रश्न विचारला, तिकडे एवढं बघण्यासारखं आहे तरी काय? कोणी काश्मीरला जातं, कोणी केरळला, आणि बाई गेल्या डोंबिवलीला. प्रश्न रास्त होता. पण बघण्यासारखं पुष्कळ होतं आणि ते मी पाहिलंही. पाहून जे लिहिलं त्यात मात्र मी चुकले, म्हणून आता दुसऱ्यांदा लिहायला बसले आहे.

मी बार्शीच्या एका हायस्कुलात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. शेवटची सहा वर्षं मुख्याध्यापिका होते. माझा जुना विद्यार्थी प्रशांत जाधव आता ठाण्याला घोडबंदर रोडवर मुलांसाठी उन्हाळ्यात इंग्रजीचं शिबिर चालवतो. तिकडे त्याला समर कॅम्प म्हणतात. एप्रिलमध्ये त्याचा फोन आला. "बाई, शिकवायला शिक्षक आहेत. तुम्ही फक्त वर्गात मागे बसायचं आणि शेरे लिहायचे. पालक विचारतात ना, टीचरवर लक्ष कोण ठेवतं म्हणून. तुमच्यासारखे शेरे लिहिणारं आता कोणी राहिलंच नाही." हरभऱ्याच्या झाडावर चढायला मला एवढं पुरलं. मी लाल शाईची दोन पेनं पिशवीत टाकली आणि निघाले.

बसचा प्रवास सांगत बसत नाही. शेजारच्या गृहस्थांनी वाटभर फोनवर कुणाचातरी जमिनीचा व्यवहार मोडला आणि कल्याण येईपर्यंत पुन्हा जुळवला, एवढं पुरे.

कोपर, पहिला दिवस

माझी भाची सायली डोंबिवली पश्चिमेला, कोपर स्टेशनपासून दहा मिनिटांवर राहते. मुक्काम तिच्याकडे. तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत माझा पदर पिळून काढावा इतका भिजला होता. बार्शीचा उन्हाळा भाजतो, इथला उकडतो. आमच्याकडे बेचाळीस अंशांत माणूस सावलीला आला की संपलं. इथे सावलीतही सुटका नाही. मी बरोबर ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नेली होती. बार्शीत त्या भाकरी महिनाभर खुळखुळतात. इथे दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मऊ पडून एकमेकींना चिकटल्या होत्या. सायलीच्या नवऱ्याने तरीही कौतुकाने खाल्ल्या, तो रत्नागिरीचा, जातीचा भिडस्त.

गॅलरीतून खाली पाहिलं तर दोन उंच इमारतींच्या मधोमध कौलारू घर, अंगणात शेवग्याचं झाड, झाडाखाली मोठी पांढरी गाडी, आणि गाडीच्या बॉनेटवर वाळत घातलेली आमसुलं. मी सायलीला विचारलं, हे कोण?

"गाववाले गं मावशी. इथले मूळचे. आधी भातशेती नि मिठागरं होती त्यांची. आता बिल्डिंगी आहेत. आपली बिल्डिंग पण त्यांच्याच जमिनीवर उभी आहे."

आमच्याकडे जमिनीचा मालक लांबूनच ओळखू येतो, त्याच्या चालण्यातच ते असतं. इथे तो बनियन घालून आमसुलं उलटत होता.

घोडबंदर रोड, दुसरा दिवस

शिबिराची गाडी डोंबिवलीतली काही मुलं आणि दोन शिक्षक घेऊन सकाळी निघायची. मोठागावच्या नव्या पुलावरून खाडी ओलांडायची, माणकोलीला हायवे धरायचा आणि मग माजिवड्याला अडकायचं. पुलावरून खाली तिवरांची हिरवी गर्दी आणि राखाडी चिखल दिसतो, चिखलात एखादी होडी कलंडलेली असते. मला ते दृश्य फार आवडलं. दुष्काळी भागातल्या माणसाला कुठलंही पाणी आवडतं, ते गढूळ का असेना.

गाडीत माझ्या शेजारी जागृती भोईर बसायच्या. वय चाळिशीच्या आत, अंगात कडक इस्त्रीचा कुर्ता, गळ्यात ठसठशीत मंगळसूत्र, आणि मांडीवर मोठा स्टीलचा डबा. त्याही शिबिरातल्या शिक्षिका. "मी पण कोपरचीच," त्यांनी आपणहून सांगितलं. "म्हणजे दिलेली कोपरला. माहेर आंबिवलीचं. तुम्ही सायलीच्या मावशी ना? तुमच्या बिल्डिंगच्या बाजूचं कौलारू घर आमचंच."

आमसुलंवाले ते त्यांचे सासरे निघाले.

घोडबंदर रोडवरच्या ज्या सोसायटीत शिबिर होतं तिचं नाव इंग्रजी आहे, तीन शब्दांचं, आणि त्यातला एकही शब्द तिथे दिसणाऱ्या कशाचा नाही. मागे येऊरचे डोंगर, पुढे अडकलेल्या गाड्यांची रांग, मध्ये हे चौतीस मजले. फाटकावर मला वॉचमनने अडवलं. "आंटी, ॲप पे अप्रूव्हल नहीं आया." बार्शीत माझ्यासाठी जिल्हा परिषदेचं फाटकसुद्धा कोणी बंद ठेवलं नव्हतं. मी तोऱ्यात सांगितलं की मी निरीक्षक आहे. तो म्हणाला, तरीही अप्रूव्हल लागेल. प्रशांत धावत आला, मला आत नेलं, आणि आत जाताना क्लबहाउसच्या काचेच्या दारावर माझं नाक आपटलं. काच इतकी स्वच्छ पुसलेली होती की ती आहे हेच कळलं नाही. मुलं हसली. जागृतीताईंनी डब्यातला बर्फाचा खडा काढून रुमालात गुंडाळून दिला. डब्यात बर्फ का, हे मी त्या दिवशी विचारलं नाही.

प्रशांतने माझं काम समजावून दिलं. चार शिक्षक, चार तुकड्या. प्रत्येकाचा वर्ग दोनदा पाहायचा. फॉर्मवर दोन रकाने, गुण आणि त्रुटी. "आणि बाई, हा फॉर्म पालकांच्या ग्रुपवर जातो हं. सगळं उघड असलेलं बरं." मी मान हलवली. पुढे मला ही गोष्ट ठाऊकच नव्हती असं सांगण्याची सोय राहू नये, म्हणून हे इथेच लिहून ठेवते.

चौथा दिवस, माजिवडा

माजिवड्याला गाडी पाऊण तास हलली नाही. मुलं पेंगत होती. मी जागृतीताईंना विचारलं की इंग्रजीकडे कशा वळलात. सासरी इमारती असलेली बाई रोज एवढा खटाटोप करून मुलांना शिकवायला का येते, हे मला खरोखर कळत नव्हतं.

"सांगू? दहावीला इंग्लिशच्या बाईंनी मला धडा वाचायला उभी केलेली," त्या म्हणाल्या. "पहिल्याच ओळीत तीनदा थांबवलं. मग म्हणाल्या, बस खाली, तुझं काम नाही हे. मी बसले ती बारा वर्षं बसलेलीच."

"मग?"

"मग लग्न झालं. आमच्या बिल्डिंगमध्ये केरळच्या एक बाई राहायला आल्या. त्यांना मराठी येत नाय, मला इंग्लिश येत नाय. आम्ही दोघी दुपारी ओट्यावर बसून वाल सोलायचो. हातात काम असलं ना बाई, की समोरचा आपल्या तोंडाकडे बघत नाय. मग चुकायची लाज वाटत नाय. दोन वर्षांत मी फाडफाड बोलायला लागले. मग बाहेरून बीए केलं. आणि आता बघा, आमच्या आळीतल्या सात जणींनी सांगितलंय, जूनपासून आम्हाला शिकव. आजवर त्या मला भोईरांची सून म्हणायच्या. आता टीचर म्हणतात."

शेवटचं वाक्य बोलताना त्या खिडकीकडे वळल्या. मी म्हणाले, वा, छान. मनात मात्र त्या दहावीच्या बाईंची बाजू घेत होते. तीनदा थांबवलं म्हणजे तीन चुका असणारच, असं मला वाटलं. मीही कितीजणींना खाली बसवलं असेल, याचा विचार त्या वेळी मनात आला नाही. तो आता येतो, आणि एकेकीचा चेहरा आठवायला जावं तर नावं आठवत नाहीत.

सातवा दिवस, क्लबहाउस

आधी रोहन सरांचा वर्ग पाहिला. देखणा तरुण, हातात गिटार, इंग्रजी ऐकत राहावं असं. तासभर तो बोलला, गायला, पुन्हा बोलला. मुलं टाळ्या वाजवत होती. मी त्याच्या गुणांचा रकाना भरून टाकला आणि जागा पुरेना म्हणून पाठीमागे लिहिलं. त्या तासात एकाही मुलाने सलग दोन वाक्यं उच्चारली नव्हती, हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. पण त्यासाठी फॉर्मवर रकाना नव्हता.

मग जागृतीताईंचा वर्ग. आठ ते अकरा वर्षांची अठरा मुलं सतरंजीवर गोल करून बसलेली. मध्ये दोन परातींत मोड आलेले कडवे वाल, पाण्यात. डबा आणि बर्फ यासाठी होता तर, वाटेत वाल आंबू नयेत म्हणून. मुलं एकेक दाणा चिमटीत धरून दाबत होती आणि पांढरा वाल सालीतून टुणकन उडत होता. आमच्याकडे हे बिरडं, म्हणजे सोललेल्या वालांची उसळ, हे प्रकरण नाही, आम्ही मटकी न सोलता खाणारे लोक. मला तो सगळा उद्योग रिकामटेकडा वाटला.

आणि मुलं बोलत होती. एकापाठोपाठ एक, कोणी हात वर करत नव्हतं, कोणी उभं राहत नव्हतं. सगळ्यांची नजर परातीत. "आवर वॉचमन हॅज टू फोन," एक मुलगा म्हणाला. "वन फोन इज ओन्ली फॉर व्हिलेज." जागृतीताई वाल सोलत म्हणाल्या, "देन?" एवढंच. मग तो गावच्या फोनवर वॉचमन कोणाशी आणि काय बोलतो ते सांगत सुटला. दुसऱ्याने त्याला मध्येच तोडलं, तिसरीने भांडण काढलं, आणि भांडणही इंग्रजीत झालं.

स्वरा नावाची एक मुलगी होती, त्याच टॉवरमध्ये राहणारी. घरात सगळे इंग्रजी बोलतात, पण ही पहिले तीन दिवस तोंडच उघडत नव्हती असं प्रशांतने मला सांगितलं होतं. ती वालाशी खेळत सावकाश म्हणाली, "माय मम्मी करेक्ट्स मी ॲट डिनर. सो आय ईट फास्ट." कोणी हसलं नाही. जागृतीताईंनी वर न बघता विचारलं, "अँड देन, यू स्टिल हंग्री?" स्वरा म्हणाली, "येस. बट आय डोन्ट टेल."

ते ऐकून मला काय वाटलं ते मी स्पष्टच सांगते, मला हेवा वाटला. एकतीस वर्षांत माझ्या वर्गात एकही मूल असं बोललं नव्हतं. माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची, आणि त्याचा मला अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी त्या सोललेल्या वालांचं बिरडं करून जागृतीताईंनी सगळ्यांसाठी आणलं. नारळाचं दूध, थोडा गूळ, कोकम, बरोबर तांदळाची मऊसूत भाकरी. अठरा मुलांनी बोटं चाटून खाल्लं. मी वाटी दोनदा भरून घेतली, हात धुतले, आणि ऑफिसात जाऊन शेरा लिहिला.

शेरा इंग्रजीत होता. मराठीत तो असा: "वर्गाचा बराच वेळ कडधान्य सोलण्यात जातो. मुलांच्या चुका दुरुस्त केल्या जात नाहीत. शिक्षिकेचे स्वतःचे इंग्रजी सदोष आहे. शिस्तीची नितांत गरज." त्रुटींचा रकाना भरला. गुणांच्या रकान्यात मी लिहिलं, "वेळेवर येतात." एकतीस वर्षं माझी रीत तीच होती, आधी त्रुटी आणि जागा उरली तर गुण. त्या शेऱ्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

परतताना गाडीत जागृतीताईंनी विचारलं, "बाई, काय लिहिलंत माझ्याबद्दल?" मी म्हणाले, "उद्या कळेलच." त्यांना ती थट्टा वाटली. हसल्या.

नववा दिवस

सकाळी नऊला प्रशांतने फॉर्मचे फोटो ग्रुपवर टाकले. साडेनऊला पहिला मेसेज आला, आमची मुलं इंग्रजी शिकायला येतात की भाजी निवडायला? मग एकीने लिहिलं की स्वतःच्या घरचं काम करून घेते ही बाई. मग कोणीतरी जागृतीताईंच्या इंग्रजीची टिंगल केली आणि त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत प्रशांतचा फोन थांबेना.

"बाई, तुम्ही लिहिलंय म्हटल्यावर मी काय बोलू त्यांना?" तो मला म्हणाला. त्याने जागृतीताईंना नोंदणीच्या टेबलावर बसायला सांगितलं. त्या बसल्या. येणाऱ्या पालकांना हसून पेन पुढे करत होत्या. दुसऱ्या दिवशी गाडी कोपरला थांबली तेव्हा त्या आल्या नाहीत. मांडीवर डबा नसलेली शेजारची सीट मला माजिवड्यापर्यंत बोचत राहिली.

तुकडी प्रशांतने माझ्याकडे सोपवली. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. सतरंजी उचलून मी बाकं मांडली, तीन रांगांत. पहिल्या तासाला वॉचमनच्या फोनवाला मुलगा उत्साहाने बोलायला लागला. मी त्याला प्रेमाने थांबवलं, वाक्य दुरुस्त करून दिलं, परत म्हणायला लावलं. त्याने म्हटलं. पुढचं वाक्य आलं नाही. दोन दिवसांत वर्ग शांत झाला. स्वराने एकदाच आपणहून तोंड उघडलं, "व्हेन इज जागृती मिस कमिंग?" वाक्य निर्दोष होतं. मी त्याबद्दल तिला शाबासकी दिली. उत्तर दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम गप्प बसून पाहिलं. मुलं माझ्याकडे बघत राहिली. अठरा चेहरे, आणि प्रत्येकाला एकच काळजी, बाईंना काय हवं आहे. दहा मिनिटं गेली. त्या दहा मिनिटांत मला जे काही कळलं, ते एकतीस वर्षांत कळायला हवं होतं. मूल बोलेल की नाही, हे शिकवणाऱ्याला येतं किती यावर ठरत नाही. तो मुलाला किती वेळ चुकू देतो, त्यावर ठरतं. रोहन सरांना नुसतं बोलता येत होतं. मला नुसतं थांबवता येत होतं. थांबून ऐकायचं जिला जमत होतं तिला मी घरी पाठवलं होतं.

पुन्हा कोपर, तेरावा दिवस

रविवार होता. मी त्या कौलारू घरी गेले. जाणं म्हणजे काय, जिना उतरून शेवग्याच्या झाडापर्यंत. एवढं अंतर चालायला मला चार दिवस लागले.

ओसरीवर जागृतीताईंच्या सासूबाई बसल्या होत्या, सत्तरीच्या पुढच्या, काष्टा नेसलेल्या. "तूच काय गो ती शेरेवाली बाई?" त्यांनी विचारलं. आमच्याकडे अनोळखी बाईला कोणी असं अगंतुगं करणार नाही, पण त्या आवाजात अपमान नव्हता. इथल्या जुन्या माणसांची ती रीतच आहे, सगळ्या जगाला तू. मी म्हटलं, हो, मीच. "बस. पानी पी पयले."

पाणी आलं, मग ताट आलं. तांदळाच्या भाकरी, कैरीची चटणी, वांग्याचं भरीत. बार्शीत रागावलेला माणूस पाणीसुद्धा विचारत नाही, तोंड फिरवतो. इथे आधी जेवायला वाढतात आणि तुम्ही खाईपर्यंत विषय काढत नाहीत. ते फार अवघड असतं. प्रत्येक घासाला आपण का आलो आहोत ते आठवत राहतं.

ताट उचलल्यावर म्हातारी बोलली. "आमचे घरान दोन बाया हायेत कामाला. लोकांचे पोरांकडून आम्ही वाल सोलून घेनार काय गो? आळीत तोंड दाखवाया जागा नाय ठेवलीस तिला." जागृतीताई म्हणाल्या, "आई, राहू द्या." मग माझ्याकडे वळल्या. "बाई, तुम्ही लिहिलंत ते खोटं नाहीच. वाल मी सोलून घेतलेच. माझं इंग्लिश पण तसंच आहे."

"मी अर्धंच लिहिलं," मी म्हणाले. "मुलं बोलत होती ते लिहिलं नाही."

"हां. ते राहिलं." त्या म्हणाल्या. "त्या सात जणींपैकी पाच जणींनी नाही सांगितलं. ग्रुपवरचे मेसेज फिरत फिरत आळीत आले ना. एक म्हणाली, तिथल्या हेडबाईंनीच लिहून दिलंय की हिला येत नाही, मग आपण कशाला."

मी तिथल्या तिथे प्रशांतला फोन लावायला निघाले, नवा शेरा लिहून देते म्हणाले. त्यांनी मान हलवली. "कागद कोण वाचतंय आता. परवा शेवटच्या दिवशी सगळे पालक असतील. तुम्ही स्टेजवर असाल. दोन वाक्यं बोला. तुम्ही जे बघितलंत तेवढंच. मी येईन मागे. आमच्या त्या पाच जणींना पण आणते."

"बोलेन," मी म्हणाले. म्हातारीने माझ्याकडे बघितलं आणि मुठीएवढी आमसुलांची पुडी बांधून माझ्या हातात दिली.

दोन दिवस मी ती दोन वाक्यं मनात घोळवली. आंघोळ करताना, गाडीत, पुलावर. इंग्रजीत म्हणून पाहिली, मराठीत म्हणून पाहिली.

पंधरावा दिवस, घोडबंदर रोड

क्लबहाउसच्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. पाहुणे म्हणून त्याच सोसायटीतले एका मोठ्या कंपनीतले साहेब आले होते. रोहन सरांची गाणी झाली. मग माझी तुकडी. अठरा मुलांनी एक लांबलचक उतारा एका सुरात म्हटला, स्वल्पविरामालासुद्धा एकत्र थांबली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

पाहुणे खूश झाले. माइक घेऊन ते मुलांजवळ आले आणि पहिल्या रांगेतल्या स्वराला त्यांनी इंग्रजीत विचारलं, शिबिरात तुला सगळ्यात काय आवडलं? साधा प्रश्न. आठ दिवसांपूर्वी परातीसमोर बसून तिने त्यावर अर्धा तास सांगितलं असतं. तिने माझ्याकडे मान वळवली आणि हळूच, मराठीत विचारलं, "बाई, काय बोलू?"

मी ओठ हलवून एक वाक्य पुरवलं. तिने ते स्पष्ट उच्चारात म्हटलं. परत टाळ्या. तिच्या आईने पहिल्या रांगेतून माझ्याकडे बघून हात जोडले.

मग प्रशांतने माझं नाव पुकारलं. इतके दिवस वर्गात मागे बसलेल्या माझ्या बाई आज पुढे येणार, असं काहीतरी तो भावुक होऊन म्हणाला. मी माइकसमोर उभी राहिले. शेवटच्या रांगेत जांभळ्या साडीत जागृतीताई होत्या, शेजारी सासूबाई, आणि त्यांच्या पलीकडे पाच बायका, नटूनथटून आलेल्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

माझी जीभ टाळूला चिकटली असं म्हणायची सोय नाही, कारण मी चांगली तीन मिनिटं बोलले. उत्तम इंग्रजीत. प्रशांतचे आभार मानले, पालकांचे मानले, सोसायटीचे मानले. शिस्तीचं महत्त्व सांगितलं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी मला वाटत होतं, आता पुढचं वाक्य ते. आणि प्रत्येक वेळी समोर स्वराच्या आईचे जोडलेले हात दिसत होते, प्रशांतचा अभिमानाने फुललेला चेहरा दिसत होता, आणि या दोनशे माणसांसमोर माझा शेरा चुकला हे मला म्हणवत नव्हतं. एकतीस वर्षांत मी कोणासमोर चुकले नव्हते. कसं चुकायचं तेच मला येत नव्हतं. मी थँक यू म्हटलं आणि खाली उतरले.

सगळ्यांबरोबर जागृतीताईंनीही टाळ्या वाजवल्या. मग सासूबाईंच्या कोपराला धरून त्यांना उठवलं आणि त्या सगळ्याजणी ओळीने बाहेर पडल्या. मी गर्दीतून दारापर्यंत गेले तोवर त्यांची गाडी फाटकाबाहेर गेली होती.

बार्शीला आल्यावर मी तीनदा फोन केला. प्रत्येक वेळी त्यांनी उचलला. "पोहोचलात ना नीट? तब्येत बरी आहे ना मॅडम?" पंधरा दिवस मी बाई होते, आता मॅडम झाले आहे. जूनचा वर्ग सुरू झाला का, हे विचारलं तर म्हणाल्या, नाही, या वर्षी राहू दे म्हटलं. मग पाऊसपाण्याचं विचारून त्यांनी फोन ठेवला.

दोनच वाक्यं होती. मराठीत म्हटली असती तरी चाललं असतं. जागृती भोईर यांच्या वर्गात अठरा मुलं बोलत होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांना गप्प मी केलं.